अमेरिकी माणसाचा महिन्याचा खर्च खरोखर भारतीयाच्या तीसपट असतो का?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या काळात केलेल्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीचे आकडे जाहीर झाले, तेव्हा त्यांतल्या दोन आकड्यांनी अनेकांना बुचकळ्यात टाकले. ग्रामीण भारतात एका माणसामागे महिन्याला सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरी भारतात ६,९९६ रुपये खर्च होतात, असे ही पाहणी सांगते. पुण्यात किंवा ठाण्यात भाड्याच्या घरात राहणाऱ्याला सात हजारांत महिना निघतो हे पटणे अवघड आहे. दुसरीकडे, अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये तिथल्या सरासरी कुटुंबाचा वर्षाचा खर्च ७७,२८० डॉलर, म्हणजे महिन्याला ६,४४० डॉलर होता. त्या वेळच्या ८३ रुपयांच्या आसपासच्या दराने ही रक्कम सुमारे ५ लाख ३५ हजार रुपये भरते. हे आकडे शेजारी शेजारी मांडणारे तक्ते मोबाइलवर सारखे फिरत असतात आणि त्यांतून ‘तिकडे सगळेच महाग’ किंवा ‘इकडे सगळेच गरीब’ असे दोनच निष्कर्ष काढले जातात.

दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. घरखर्चाचा आकडा महागाई सांगतो त्याहून अधिक एक वेगळीच गोष्ट सांगतो, ती म्हणजे त्या देशात कोणत्या गोष्टीचे पैसे कुटुंबाच्या खिशातून जातात, कोणत्या गोष्टीचे सरकार किंवा नोकरी देणारा मालक भरतो आणि कोणत्या गोष्टीचे पैसे कोणीच मोजत नाही.

### मोजतात कसे

आपल्याकडच्या पाहणीत कुटुंबाची व्याख्या सरळ आहे. एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. सर्वेक्षक निवडलेल्या घरी वर्षभरातल्या एका तिमाहीत तीनदा जातो आणि एका भेटीत खाद्यपदार्थ, दुसऱ्या भेटीत दैनंदिन वस्तू व सेवा आणि तिसऱ्या भेटीत टिकाऊ वस्तू यांविषयी विचारतो. भाजी, फळे, तेल, अंडी, मासळी, मसाले यांचा मागच्या सात दिवसांचा, कपडे, शिक्षण, रुग्णालयातला खर्च आणि टिकाऊ वस्तू यांचा मागच्या वर्षाचा, तर बाकीच्या बहुतेक बाबींचा मागच्या तीस दिवसांचा हिशेब घेतला जातो. गेल्या आठवड्यात किती कांदे आणले हे आठवते आणि गेल्या दिवाळीला घेतलेल्या पंख्याची किंमतही आठवते, पण मागच्या महिन्यातली कोथिंबीर कुणालाच आठवत नाही, हा या विभागणीमागचा विचार आहे. २०२३-२४ च्या फेरीत देशभरातल्या २,६१,९५३ कुटुंबांकडून अशी माहिती घेतली गेली.

जपानची पद्धत निराळी आहे. तिथे निवडलेल्या कुटुंबाने रोजच्या जमाखर्चाची वही ठेवायची असते आणि दोन किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाने ती सहा महिने चालवायची असते. वहीत लिहिलेला खर्च आणि आठवून सांगितलेला खर्च एकसारखा भरत नाही. त्यामुळे दोन देशांच्या आकड्यांतला काही फरक केवळ विचारण्याच्या पद्धतीतून आलेला असतो.

### घर एक, पण माणसे किती?

तक्त्यांमधली पहिली गफलत इथे होते. भारताचा आकडा दरडोई आहे आणि अमेरिकेचा आकडा संपूर्ण कुटुंबाचा. अमेरिकी पाहणीतले सरासरी कुटुंब अडीच माणसांचे असते, तेव्हा ६,४४० डॉलरांचे दरडोई २,५७६ डॉलर होतात. शहरी भारतातल्या माणसाचे ६,९९६ रुपये म्हणजे सुमारे ८४ डॉलर. हे गुणोत्तर तीसपटींच्या थोडे वर जाते आणि शीर्षकातला प्रश्न तिथूनच आला आहे. उलट बाजूने पाहिले, तर चार माणसांच्या शहरी भारतीय कुटुंबाचा सरासरी खर्च २७,९८४ रुपये आणि तेवढ्याच ग्रामीण कुटुंबाचा १६,४८८ रुपये होतो. सात हजारांपेक्षा हा आकडा ओळखीचा वाटू लागतो.

अर्थात, दरडोई भागाकार हाही पूर्ण न्याय नव्हे. चार माणसांना चार फ्रिज लागत नाहीत आणि दिवाणखान्यात एकटाच माणूस बसला म्हणून तिथला दिवा कमी वीज खात नाही. म्हणून युरोपीय संघाच्या आकडेवारीत घरातल्या पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येक प्रौढाला ०.५ आणि लहान मुलाला ०.३ असे वजन देतात. आईवडील आणि दोन मुले असे कुटुंब या हिशेबाने ४ ऐवजी २.१ माणसांइतके धरले जाते. मोठ्या कुटुंबांच्या देशांची परिस्थिती दरडोई आकड्यांत दिसते त्यापेक्षा काहीशी बरी असते ती यामुळे.

### चलन बदलले की चित्र बदलते

विनिमय दराने केलेले रूपांतर किती फसवे असते, हे जपानइतके स्वच्छ कुठे दिसत नाही. तिथल्या दोन किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाचा सरासरी मासिक खर्च २०२१ मध्ये २,७९,०२४ येन होता आणि २०२४ मध्ये तो ३,००,२४३ येन झाला. पण त्या तीन वर्षांत डॉलरचा सरासरी भाव सुमारे ११० येनांवरून सुमारे १५१ येनांवर गेला. परिणामी डॉलरमध्ये मोजणाऱ्याला तोच खर्च सुमारे २,५४० वरून १,९८० वर उतरलेला दिसतो. टोकियोतल्या गृहिणीला महिना आधीपेक्षा महाग जात होता आणि बाहेरून पाहणाऱ्याला जपान स्वस्त होत होते. दोघेही खरेच बोलत होते.

म्हणून अर्थतज्ज्ञ दुसरा दर वापरतात. त्याला क्रयशक्ती समता म्हणतात. अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढ्या वस्तू आणि सेवा मिळतात, तेवढ्याच भारतात घ्यायला किती रुपये लागतील, असा तो दर आहे. जागतिक बँकेच्या समन्वयाने चालणारा आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम त्यासाठी देशोदेशीच्या किमती गोळा करतो. २०२१ या वर्षासाठीच्या फेरीत १७६ अर्थव्यवस्था होत्या. संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या सरासरीने भारतासाठी हा दर डॉलरमागे २० रुपयांच्या आसपास येतो.

बाजारात तेव्हा ८३ रुपये आणि इथे २०, एवढी तफावत कशी? विनिमय दर प्रामुख्याने सीमा ओलांडणाऱ्या वस्तू आणि भांडवल यांच्यावर ठरतो. मोबाइल, पेट्रोल, सोने यांच्या किमती देशोदेशी फार दूर जाऊ शकत नाहीत, पण केस कापणे, रिक्षाने जाणे, शिकवणी लावणे या गोष्टी निर्यात होत नाहीत. सोलापूरचा कारागीर आणि शिकागोचा कारागीर केस कापायला साधारण तेवढाच वेळ घेतात. मात्र शिकागोच्या कारागिराला त्याच शहरातल्या कारखान्यांत आणि कार्यालयांत मिळणाऱ्या मजुरीशी स्पर्धा करायची असते, त्यामुळे त्याचा दर अनेक पटींनी चढतो. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे ही मांडणी केली. गरीब देशांत सेवा स्वस्त का, याचे ते आजही सर्वमान्य उत्तर आहे.

२० चा दर लावला की शहरी भारतीयाचे ६,९९६ रुपये सुमारे ३५० डॉलरइतके होतात आणि तीसपटीचे अंतर सव्वासात-साडेसातपटीवर येते. कुटुंबांच्या उपभोगापुरता वेगळा काढलेला दर २० पेक्षा काहीसा चढा असतो, त्यामुळे हे अंतर थोडे वाढवून वाचावे.

### पैसे कोण भरतो?

एका खानावळीत दारातच थाळीचे एकरकमी पैसे घेतात आणि दुसरीत भात, भाजी, ताक यांचे वेगवेगळे बिल लावतात. पहिल्या खानावळीतल्या गिऱ्हाइकाच्या बिलात ताक दिसत नाही, एवढ्यावरून त्याला ताक फुकट मिळाले असे कोणी म्हणणार नाही. देशादेशांच्या घरखर्चात आरोग्य, शिक्षण आणि निवृत्तिवेतन यांचे नेमके हेच होते.

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा चालते आणि तिचा भार मुख्यतः करांतून उचलला जातो. मार्च २०२३ ला संपलेल्या आर्थिक वर्षात ब्रिटिश कुटुंबाचा सरासरी खर्च आठवड्याला ५६७.७० पौंड, म्हणजे महिन्याला सुमारे २,४६० पौंड होता. त्यात आरोग्याचा वाटा अगदी किरकोळ असतो. अमेरिकी कुटुंबाने मात्र २०२३ मध्ये विम्याचे हप्ते, औषधे आणि डॉक्टरांची बिले यांवर स्वतःच्या खिशातून ६,१५९ डॉलर, म्हणजे एकूण खर्चाच्या ८ टक्के रक्कम घातली आणि मालकाने भरलेला विम्याचा वाटा त्याहून वेगळा. भारतात तिसरीच तऱ्हा आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी थेट रुग्णाच्या खिशातून जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, पण आजारपण अजूनही घरखर्चाच्या वहीतच लिहिले जाते. तेही आजारी पडलेल्या वर्षी एकदम.

अमेरिकी आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते आणि ती सहसा कोणी सांगत नाही. तिथला कामगार सांख्यिकी विभाग सामाजिक सुरक्षेची वर्गणी, निवृत्तीची तरतूद आणि आयुर्विमा हे सारे ‘खर्च’ या सदरात धरतो. २०२३ मध्ये ही रक्कम ९,५५६ डॉलर होती. भारतीय आणि जपानी पाहण्या अशा रकमा उपभोग खर्चात मोजत नाहीत. भविष्य निर्वाह निधीत कापले गेलेले पैसे आपण घरखर्च म्हणत नाही, तसेच हे आहे. तेवढी रक्कम वजा केली तर अमेरिकी कुटुंबाचा मासिक खर्च ६,४४० वरून सुमारे ५,६४४ डॉलरांवर येतो आणि भारतीय शहरी माणसाशी असलेले दरडोई अंतर, वरच्याच ढोबळ दराने, साडेसहापटीच्या आसपास उरते.

तीसपटीपासून साडेसहापटीपर्यंतच्या या उतरणीत कोणाचेही राहणीमान बदललेले नाही. उरलेली साडेसहापट मात्र खरी आहे आणि ती मोठीही आहे.

### स्वतःच्या घराचे भाडे

अमेरिकी कुटुंबाच्या खर्चात निवाऱ्याचा वाटा ३२.९ टक्के आहे. त्यात भाडे, कर्जाचे व्याज, मालमत्ता कर, वीज-पाणी आणि घरातले सामान हे सगळे येते. जपानी पाहणीत घर या सदराचा वाटा जेमतेम ६ टक्क्यांच्या घरात असतो. जपानमध्ये घरे फुकट मिळतात असा याचा अर्थ नाही. तिथे दोन किंवा अधिक माणसांची बहुतेक कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात आणि गृहकर्जाची परतफेड उपभोग खर्चात धरली जात नाही, म्हणून मोठा भार या सदराबाहेर राहतो.

यावर सांख्यिकीने काढलेला तोडगा म्हणजे मानीव भाडे. स्वतःच्या घरात राहणारा माणूस तेच घर भाड्याने घेता, तर त्याला जे भाडे पडले असते, ते तो स्वतःलाच देतो असे धरायचे. युरोपातल्या अनेक तक्त्यांत हे भाडे मिळवलेले असते. आपल्या पाहणीत ते नसते, त्यामुळे शहरी भारतीयाच्या खर्चात भाड्याचा वाटा सुमारे साडेसहा टक्केच दिसतो. कोणत्याही दोन देशांच्या निवारा खर्चाची तुलना वाचताना मानीव भाडे आत आहे की बाहेर, हा प्रश्न आधी विचारावा. ते कळले नाही, तर त्या तुलनेवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

### ‘पण सात हजारांत शहरात कोण राहतो?’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे अर्धे उत्तर वर येऊन गेले. ज्याचा गृहकर्जाचा हप्ता तीस-चाळीस हजार आहे, त्याला तो महिन्यातला सर्वांत मोठा खर्च वाटतो. पाहणीच्या दृष्टीने तो उपभोग खर्चच नाही. आयकर, आयुर्विमा, म्युच्युअल फंडातली मासिक गुंतवणूक हेही बाहेर. मध्यमवर्गीय पगारदाराच्या खात्यातून जे जाते त्याचा मोठा भाग असा वगळला जातो.

उरलेले अर्धे उत्तर सरासरीत आहे. शहरी भारतातल्या सर्वांत खालच्या ५ टक्के लोकांचा मासिक खर्च दरडोई २,३७६ रुपये आणि सर्वांत वरच्या ५ टक्क्यांचा २०,३१० रुपये निघाला. म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला ऐंशी हजारांहून थोडा अधिक उपभोग खर्च करणारे कुटुंब या पाहणीनुसार शहरातल्या सर्वांत वरच्या पाच टक्क्यांतले ठरते. असे बहुतेक लोक स्वतःला मध्यमवर्गीयच म्हणवतात. आकडा खोटा वाटण्यामागे हेही एक कारण आहे.

तरीही पाहणीचे कच्चे दुवे मान्य करायला हवेत. अतिश्रीमंत घरांत सर्वेक्षकाला सहज प्रवेश मिळत नाही आणि मिळाला तरी पूर्ण उत्तरे मिळत नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात दिसणारा खासगी उपभोग पाहणीतून निघणाऱ्या बेरजेपेक्षा बराच मोठा भरतो. मोफत रेशनसारख्या वस्तूंचे मूल्य धरले तर आकडे थोडे वाढून ग्रामीण भागात ४,२४७ आणि शहरी भागात ७,०७८ रुपये होतात, पण सरकारी दवाखान्यातले मोफत उपचार आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतले मोफत शिक्षण यांचे मूल्य त्यातही धरलेले नाही. शिवाय ‘भारत’ ही एक सरासरी असली, तरी सिक्कीमच्या शहरी भागात दरडोई १३,९२७ रुपये आणि छत्तीसगडच्या ग्रामीण भागात २,७३९ रुपये अशी दोन टोके तिच्या पोटात आहेत. देशांमधल्या कित्येक तुलनांपेक्षा हे अंतर अधिक आहे.

### एकूण रकमेपेक्षा वाटे बोलके

१८५७ मध्ये सॅक्सनी या जर्मन राज्यातले संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले आणि एक नियम मांडला: कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. या नियमाचा फायदा असा, की वाटा टक्क्यांत असल्यामुळे चलनाचा घोळ बराचसा टळतो. २०१९ च्या पाहणीत नायजेरियातल्या कुटुंबांच्या खर्चापैकी सुमारे ५७ टक्के रक्कम अन्नावर जात होती. ग्रामीण भारतात २०२३-२४ मध्ये हा वाटा ४७.०४ टक्के आणि शहरी भारतात ३९.६८ टक्के होता, तर अमेरिकेत १२.९ टक्के. ग्रामीण भारतात १९९९-२००० मध्ये तो ५९.४ टक्के होता, म्हणजे पाव शतकात बारा टक्क्यांहून अधिक उतार झाला. त्याहून लक्षणीय बदल ताटात झाला. गहू, तांदूळ, ज्वारी अशा धान्यांवर तेव्हा ग्रामीण कुटुंबाचा २२ टक्के खर्च होई. आता तो ५ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यातला काही भाग मोफत रेशनमुळे कमी दिसतो, पण दूध, फळे, अंडी आणि तयार खाद्यपदार्थ यांच्याकडे वळलेला पैसा हे मोठे कारण आहे.

एंगेलचा नियमही डोळे मिटून लावता येत नाही. जपानसारख्या संपन्न देशात अन्नाचा वाटा २०२४ मध्ये २८.३ टक्क्यांवर गेला. चार दशकांहून अधिक काळात तो इतका चढला नव्हता. घसरलेला येन, बाहेरून येणाऱ्या अन्नाच्या वाढलेल्या किमती आणि इतर खर्च आवरते घेणारी वृद्ध कुटुंबे अशी कारणे त्यामागे आहेत. जपान नायजेरियाच्या वाटेने निघाला, असे त्यावरून म्हणता येणार नाही. पण तिथल्या कुटुंबांना ओढाताण जाणवते आहे हे नक्की.

वाहतुकीचा वाटा दुसरेच काही सांगतो. अमेरिकी कुटुंबाने २०२३ मध्ये वाहतुकीवर १३,१७४ डॉलर, म्हणजे खर्चाच्या १७ टक्के घातले. अन्नापेक्षाही हे जास्त आहे. न्यूयॉर्कसारखी काही शहरे सोडली, तर तिथे मोटारीशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही. त्यामुळे या खर्चाला चैन म्हणणे चूक ठरेल. शहरे जशी वसवली, त्याचे ते बिल आहे.

### ज्याचे बिल कधीच येत नाही

भारतीय घरखर्च कमी दिसण्याचे एक कारण कुठल्याही स्तंभात सापडत नाही. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. मुले आजी-आजोबांकडे वाढतात, आजारी सासऱ्यांचे सून करते, डबा घरून निघतो. लंडनमध्ये वा न्यू जर्सीत हीच कामे पाळणाघर, शुश्रूषा केंद्र आणि उपाहारगृह यांच्याकडे गेली, की त्यांची बिले घरखर्चात चढतात. तिथे नव्याने गेलेल्या मराठी जोडप्यांचा महिन्याचा अंदाज पहिले मूल झाल्यावर कोलमडतो तो यामुळेच. आपल्याकडे हा खर्च होत नाही असे नाही. तो एका व्यक्तीच्या हुकलेल्या नोकरीच्या रूपाने होतो आणि कुठलीही पाहणी त्याला खर्च म्हणत नाही.

### परदेशी जाणाऱ्याने कोणता दर धरावा?

‘क्रयशक्ती वगैरे ठीक आहे, पण हाती आलेला डॉलर बाजारभावानेच मोजला जातो ना?’ असा शेवटचा आक्षेप येतो. त्याचे उत्तर पैसा कुठे खर्च होणार यावर अवलंबून आहे. तिथे मिळवून तिथेच खर्च होणारा डॉलर भारतातल्या सुमारे वीस-बावीस रुपयांइतकेच काम करतो. म्हणून एक लाख डॉलरचा पगार म्हणजे २०२३ च्या दराने ‘८३ लाख’ हे गणित राहणीमानाच्या दृष्टीने निरर्थक आहे. पण त्याच पगारातून वाचवून साताऱ्याला पाठवलेला डॉलर बँकेत पूर्ण बाजारभावाने रुपयांत बदलतो आणि इथल्या किमतींना खर्च होतो. तिथे काटकसरीने राहून इथे घर बांधणाऱ्याला मिळणारा फायदा या दोन दरांमधल्या फटीतून येतो.

परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हीच फट उलटी येते. त्याचे शैक्षणिक कर्ज रुपयांत, आईवडिलांची मिळकत इथल्या मजुरीच्या पातळीवरची आणि खोलीभाडे, किराणा, शुल्क सारे तिथल्या किमतींनी, बाजारभावाच्या डॉलरमध्ये. अशा कुटुंबाने अंदाजपत्रक मांडताना क्रयशक्तीचा दर पूर्णपणे बाजूला ठेवावा, तिथल्या शहरातले प्रत्यक्ष भाडे आणि आरोग्यविम्याचा हप्ता आधी विचारून घ्यावा आणि रुपया घसरला तर किती जास्त लागेल तेही मांडून पाहावे. सरासरी अमेरिकी कुटुंबाचा आकडा त्यांच्या कामाचा नाही. तो मोटार, घराचे कर्ज आणि निवृत्तीची तरतूद असलेल्या अडीच माणसांचा आहे.